परसातल्या रोझमेरीच्या नोंदी : ऑक्टोबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५

१९ ऑक्टोबर २०२४

द्राक्षाची फळछाटणी उरकली, डोळे फुटायला लावतात ती पेस्ट लावून झाली. आता पुढचे काही दिवस बाग भावजींची आणि गड्यांची. परसातला उकिरडा मागच्या महिन्यात हलवला, त्यामुळे अर्धा गुंठा मोकळा झाला आहे. आत्या म्हणतात वांगी लाव. मी म्हटलं, एक वर्ष मला द्या.

मिरजेच्या नर्सरीतून दोन वर्षांपूर्वी आणलेलं रोझमेरीचं एक झाड कुंडीत आहे. उभं वाढतं, कमरेला लागलंय. त्याचा प्रकार कोणता म्हणून विचारलं होतं तेव्हा नर्सरीवाला म्हणाला, "रोझमेरी म्हणजे रोझमेरी, वहिनी." तासगाव तालुक्यात द्राक्षवाल्याच्या घरी हे उत्तर पचत नाही. आमच्याकडे नुसतं 'द्राक्ष' कुणी म्हणत नाही. तास-ए-गणेश वेगळं, सोनाका वेगळं, माणिक चमन वेगळं, आणि सगळी मुळात थॉमसन या जुन्या वाणाच्याच वंशातली. कुणाला तरी एखाद्या वेलीत फरक दिसला, त्यानं काडी वेगळी लावली, झाला वाण.

तर यंदा रोझमेरीचे मिळतील तेवढे प्रकार शेजारी शेजारी लावायचे. वही हीच. मागच्या पानांवर मजुरीचा हिशेब आहे, तो कुणी फाडू नये.

२६ ऑक्टोबर

आठवडाभर रात्री वाचन केलं. वाणांची नावं ढिगानं आहेत. टस्कन ब्लू उभा, रुंद पानाचा, गडद निळ्या फुलांचा. मिस जेसप्स अपराइट कुंपणाला लावतात. प्रोस्ट्रेटस जमिनीवर पसरतो किंवा भिंतीवरून खाली लोंबतो. मेजॉर्का पिंकची फुलं गुलाबी. आर्प नावाचा वाण अमेरिकेत टेक्सासमधल्या आर्प गावी १९७२ मध्ये सापडला, म्हणून गावाचंच नाव. थंडी सोसण्यात तो नावाजलेला.

इथंच अडलं. या सगळ्या याद्या थंडीवर लावलेल्या आहेत : कुठला वाण बर्फात टिकतो, कुठला मरतो. तासगावला बर्फाचा काय संबंध? रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राकाठची. तिकडे पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणजे झाडाला ओल मिळते ती गारव्यात. आमच्याकडे बरोबर उलटं. ओल आणि ऊब एकदम येतात, आणि मुळं कुजवणाऱ्या बुरशीला तेच हवं असतं. मला पाहिजे ती यादी 'जुलै कोण काढतो' अशी, आणि ती कुणी केलेली दिसत नाही.

जाता जाता : १७५३ मध्ये लिनियसनं दिलेलं रोझमारिनस हे नाव आता मागे पडलंय. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला साल्व्हिया या प्रजातीच्या घरात घातलं. कुळ आधीपासूनच तुळशी-पुदिन्याचं. कोवळी काडी बोटांत फिरवली की चार कडा लागतात, तुळशीसारख्याच. आत्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग वृंदावनाशेजारी लाव की, पाहुणीला लांब कशाला बसवतीस?"

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दादा वाईहून आला. ओवाळणीत साडी, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला रोझमेरीचा जुडगा. पाचगणीला तो ज्या बंगल्यात रंगकाम करत होता तिथं जुनं कुंपण आहे, माळ्याला विचारून तोडून आणलाय. पानं मिरजेच्या झाडापेक्षा बारीक आणि आखूड, पाठ जास्त पांढरी. वास घेतला तर बराच सौम्य.

म्हणजे आता हातात आहे ते असं. मिरजेचं उभं, पाचगणीचं कुंपणवालं, पुण्याहून आणलेल्या टांगत्या कुंडीतलं प्रोस्ट्रेटस, आणि ऑनलाइन मागवलेलं टस्कन ब्लू. शेवटचं खोक्यात आडवं होऊन आलं, माती निम्मी सांडलेली, पण जिवंत आहे. शिवाय बियांचं एक पाकीट.

बियांबद्दल सगळीकडे एकच सांगतात : कमी उगवतात, उशिरा उगवतात, आणि आईसारखी निघतीलच असं नाही. वाण राखायचा तर काडीच लावावी लागते. हे आम्हाला कुणी शिकवायला नको. तरी ५० बिया टाकल्या. पाकिटाचे पैसे गेलेलेच आहेत.

१० नोव्हेंबर

बोद केला. २० फूट लांब, ३ फूट रुंद, दीड फूट उंच. आमची जमीन काळी. भिजली की फुगते, सुकली की बोट जाईल एवढी भेगाळते. तशा मातीत या झाडाला बसवणं म्हणजे चिखलात उभं करणं. म्हणून दोन भाग मुरूम, एक भाग जाड वाळू, एक भाग काळी माती, आणि शेणखत फक्त चार पाट्या. भावजींनी शेणखताकडे बघून तोंड वाकडं केलं. "एवढ्यात काय व्हतंय? वेलीला वापरतो त्याच्या पाव बी नाही." त्यांना म्हटलं, ही डोंगरउतारावरची, खडकाळ जमिनीतली. खायला जास्त घातलं तर माजते, लांब मऊ फुटवे काढते आणि वास कमी होतो.

मग त्यांचा दुसरा प्रश्न : "याला खुंट कुठला?" डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटावर कलम केल्याशिवाय काही जगतं यावर त्यांचा विश्वास नाही. हिला खुंट लागत नाही, स्वतःच्या मुळांवर उभी राहते, असं सांगितल्यावर जरा हळहळलेच.

बोदाला लागून तेवढीच सपाट पट्टी मुद्दाम तशीच ठेवली. प्रत्येक प्रकार तीन ठिकाणी लावायचा : बोदावर, सपाट काळ्या मातीत आणि मातीच्या कुंडीत.

१७ नोव्हेंबर

काड्या लावल्या. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण पुढच्या वर्षी मी हे विसरणार.

यंदाचा फुटवा घ्यायचा. शेंडा कोवळा, बुडखा जरासा कडक व्हायला लागलेला, वाकवला तर लवतो आणि सोडला की परत उभा राहतो, तसा. वीतभर काडी नको, चार-पाच बोटं लांबी पुरे. पेराच्या लगेच खाली धारदार ब्लेडनं छेद. खालची निम्मी पानं वरून खाली ओढायची नाहीत, साल सोलून येते. वरच्या दिशेनं अलगद खुडायची. माझ्या पहिल्या सहा काड्यांची साल निघाली, त्या टाकल्या.

घरात आयबीए, म्हणजे काडीला मुळं फुटायला लावायचं संप्रेरक, असतंच. ते नुसत्या पाण्यात विरघळत नाही. भावजींनी एक ग्रॅम थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग लिटरभर पाणी केलं, म्हणजे १००० पीपीएम. काडीचं बूड त्यात पाच सेकंद बुडवायचं आणि लगेच ट्रेमध्ये लावायचं. ट्रेमध्ये निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट. प्लास्टिकचा तंबू केला नाही. द्राक्षाच्या रोपांना करतात, पण हिच्या पानाच्या कडा खाली वळलेल्या आणि पाठीवर पांढरी लव, सगळी रचना पाणी उडू न देण्याची. आत वाफ कोंडली तर शेंडे काळे पडतील. शेडनेटखाली ठेवलं आणि दिवसातून एकदा फवारा.

मिरज २०, पाचगणी २०, प्रोस्ट्रेटस १२, टस्कन ८.

५ डिसेंबर

सकाळी दाट धुकं. अशा दिवशी डाऊनी या वेलीवरच्या बुरशीरोगाच्या भीतीनं घरात कुणी नीट जेवत नाही. सातलाच ब्लोअर सुरू झाला आणि फवाऱ्याचा धूर वाऱ्याबरोबर थेट परसात. काड्यांच्या पानांवर पांढरट ठिपके वाळलेले दिसले.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वेलीवर मारतो त्याला काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं. परसातलं पान मी कधीही खुडणार आणि पातेल्यात टाकणार. ट्रे घराच्या पलीकडच्या अंगाला हलवले. पाचगणीचं लागवडीचं ठिकाणही बोदाच्या बागेकडच्या टोकावरून घराकडच्या टोकाला घेतलं. बागेच्या बाजूनं तुरीची दाट ओळ लावायची, आणि फवारणीच्या दिवशी पत्र्याच्या शेडवरचा जुना कागद झाकायचा.

२९ डिसेंबर

काडी हलकी ओढली की अडते. एक उपटून बघितली : तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी मुळी, चार ठिकाणी. मिरज २० पैकी १६, पाचगणी १३, प्रोस्ट्रेटस १२ पैकी ११, टस्कन ५. लोंबणारी जात सगळ्यात सहज मुळं धरते असं दिसतंय.

बिया : ५० पैकी ६ उगवल्या. पहिली २४ व्या दिवशी.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

पाचगणीवाल्या मूळ जुडग्यातल्या ज्या दोन जाड फांद्या मी कुंडीत खोचल्या होत्या, त्यातल्या एकीला फूल. फिकट निळं, ओठ काढल्यासारखं, आत फक्त दोन पुंकेसर कमान करून बाहेर आलेले. साल्व्हियाच्या घरात का घातलं ते डोळ्यांनी दिसलं. मिरजेच्या झाडाला दोन वर्षांत एकही फूल नाही.

आज लोणी कढवायचं होतं. आत्या तुपात विड्याचं पान टाकतात. त्यांना भरीला घालून दोन पातेली केली. एकात मिरजेची डहाळी, एकात पाचगणीची, तूप होत आल्यावर शेवटची दोन मिनिटं. मिरजेचं तूप चाखून ह्यांनी विचारलं, "सर्दीला लावायचं का खायचं?" कापराचा आणि निलगिरीचा वास सरळ नाकात. त्यात चूक नाही, रोझमेरीच्या तेलात कापूर आणि सिनिओल दोन्ही असतात, सिनिओल तेच जे निलगिरीत. कुठल्या झाडात कशाचं प्रमाण किती, हे झाडागणिक बदलतं. पाचगणीचं तूप मात्र गूळपोळीबरोबर संपलं. वास होता, पण मागून येणारा.

म्हणजे स्वयंपाकाला पाचगणी. मिरज बटाट्याच्या काचऱ्यांना चालते, तीही चार पानं, आणि तेल तापल्यावर.

२ फेब्रुवारी

लागवड. चार प्रकार, तीन ठिकाणं, बारा रोपं. दोन रोपांत दोन फूट. बुंध्याभोवती वीतभर बारीक खडी पसरली, म्हणजे मातीची ओल खोडाला चिकटून राहणार नाही. सपाट पट्टीतल्या रोपांनाही खडी, नाहीतर तुलना खोटी ठरेल. बियांची सहा रोपं अजून पिशवीतच, बोटभर. त्यांना बी-१ ते बी-६ असे नंबर दिले.

९ मार्च

बेदाण्याच्या शेडवर दिवस जातो. पाणी आठवड्यातून एकदा, तेही बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच. कुंड्यांच्या काठावर पांढरे क्षार धरलेत, बोअरचं पाणी. पानांची टोकं जराशी जळली. बाकी बरं.

१२ एप्रिल

लिहायला बसले तेव्हा राग होता, आता थोडा कमी आहे.

बागेत खरड छाटणी चालू आहे. दुपारी मी सांगलीला गेले होते. भावजींच्या हातात कात्री, डोक्यात छाटणी, आणि परसात मिरजेचं ते कमरेएवढं जुनं झाड, खाली काटकुळं, वर झुपका. त्यांना वाटलं, वहिनीचं काम हलकं करू. वेलीला करतात तशी खरड छाटणी केली. पान नावाला ठेवलं नाही. पाच खुंट, करंगळीएवढे जाड, तपकिरी.

वेलीच्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे असतात. छाटलं की तिसऱ्या आठवड्यात तिथून फूट येते, त्याच जोरावर आमचं सगळं वर्ष उभं असतं. रोझमेरीच्या पान नसलेल्या जुन्या लाकडाला अशी फूट जवळजवळ येत नाही. हिची छाटणी म्हणजे हिरव्यातच कापायचं, कापलेल्या जागेच्या खाली पानं शिल्लक ठेवून, आणि एका वेळी तिसरा हिस्सा पुरे.

भावजींना हे सांगितलं. ते बराच वेळ खुंटांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पेस्ट लावू का?"

३ मे

मिरजेच्या खुंटांना फूट नाही. नखानं साल खरवडली : आत वाळकं. झाड गेलं. पण त्याच्या काड्या बोदावर, पट्टीत, कुंडीत आणि ट्रेमध्ये जिवंत आहेत, म्हणजे झाड गेलं तरी वाण हातात आहे.

दुसरी गोष्ट. टस्कन ब्लू म्हणून पाठवलेलं रोप उभं राहायला तयार नाही. काठी बांधली तरी फांद्या बाहेर पडून खाली वळतात. प्रोस्ट्रेटसच्या शेजारी धरून पान, पेरांतलं अंतर, वळण सगळं ताडून बघितलं. तेच आहे, नाहीतर त्याची सख्खी बहीण. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की झाड लहान आहे, मोठं झाल्यावर उभं होईल. चार प्रकारांचे तीन झाले.

२४ मे

पाऊस. वळीव म्हणावा तर तो तासभर झोडपतो आणि जातो. हा जातच नाही. अजून रोहिणी निघायची आहे आणि परसात मृगासारखा चिखल. बागेची काळजी वेगळीच. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायचे हे दिवस, त्याला ऊन लागतं, आणि आभाळ आठ-दहा दिवस उघडलेलं नाही. घरात माझ्या झाडांबद्दल बोलायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते.

सपाट पट्टीत पाणी साचलंय. बोदावरून निथळतंय. कुंड्या वळचणीखाली नेल्या.

३१ मे

पट्टीतल्या मिरजेच्या रोपाचा शेंडा मान टाकल्यासारखा वाकला. माती ओली गच्च, तरी झाड तहानलेलं दिसतं. कुणीही याला पाणीच घालेल, आणि तिथंच संपेल. उपटलं. मुळीवरची साल बोटानं मोज्यासारखी सरकून आली, आत दोऱ्याएवढी तार राहिली. वास गटारासारखा. जमिनीलगत खोडाची साल तपकिरी, आतपर्यंत.

२२ जून

मोजणी. सपाट पट्टी : चारही मेली. सगळ्यात शेवटी पाचगणीचं, पण मेलं. पाचगणीला आमच्यापेक्षा कितीतरी पाऊस पडतो म्हणून माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती. पण ते कुंपण उतारावर, जांभ्या दगडाच्या मातीत आहे, पाणी थांबतच नाही. झाडाला पावसाची सवय होती, साचलेल्या पाण्याची नव्हती.

बोद : मिरज आणि पाचगणी ठीक. लोंबणाऱ्या दोघींपैकी 'टस्कन' गेली. दुसरीचा मधला भाग काळा पडला, कारण ती जमिनीवर चटईसारखी पसरते आणि खालची हवा कोंडते. मधला कुजका भाग कापून काढला, कडा राहिल्या.

कुंड्या : चारही जिवंत.

बारा झाडांवर कुणी सिद्धांत मांडू नये. पण वाणावाणात जेवढा फरक दिसला त्याहून जास्त फरक दीड फूट उंचीनं पडला. लोंबणारी जात असेल तर ती टांगून किंवा बोदाच्या काठावरून खाली सोडायची, सपाट जागेवर पसरू द्यायची नाही.

२० जुलै

पाचगणीच्या कुंडीतल्या पानांवर भुरी. ह्यांना वाटलं बागेतून आली. वेलीची भुरी वेगळ्या बुरशीची, ती द्राक्षाच्याच कुळावर जगते, रोझमेरीवर येत नाही. वळचणीखाली ऊन नाही, वारा नाही, म्हणून ही आली. कुंडी उघड्यावर आणली, आतल्या फांद्या विरळ केल्या. गंधक मारलं नाही.

२८ ऑगस्ट

आज तासगावच्या गणपतीचा रथ. सगळे तिकडे. जाण्याआधी बियांची सहा रोपं बोदावरच्या रिकाम्या जागी लावली. पिशवीतच पावसाळा काढलाय, दोन अगदीच केविलवाणी आहेत. बी-४ मात्र ताठ, पान रुंद, पेरं जवळ जवळ.

५ ऑक्टोबर

गल्लीतल्या कॉलेजच्या मुली येऊन गेल्या. केसांसाठी रोझमेरीचं पाणी. कुणीतरी मोबाइलवर बघितलंय. २०१५ मध्ये इराणात १०० जणांवर सहा महिने चाचणी झाली होती. अनुवंशिक टक्कल पडणाऱ्यांना रोझमेरीचं तेल आणि दोन टक्के मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध यांचा परिणाम साधारण सारखा दिसला. पण ते मोजून मापून दिलेलं तेल होतं, उकळलेलं पाणी नव्हे. एवढं सांगितलं. ऐकून घेतलं आणि डहाळ्या मागितल्याच. मिरजेच्या दिल्या, वास दणदणीत असल्यानं त्या खूश. एकीला आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबायला सांगितलं, तिला तुळशीच्या मंजिरीनंही खाज सुटते.

२ नोव्हेंबर

नवीन काड्या. मिरज ३०, पाचगणी ४०, लोंबणारी १०. बोद अजून दहा फूट वाढवला. मुरूम भावजींनीच ट्रॉलीनं आणून टाकला, काही न बोलता. नंतर बघितलं तर मिरजेची दोन रोपं ट्रेमधून गायब, आणि बागेच्या बांधावर, उंचवट्यावर, खडीसकट लावलेली.

१६ नोव्हेंबर

बी-४ चा शेंडा पहिल्यांदा खुडला. बोटांत चोळला. मिरजेचा कापूर नाही, पाचगणीचा मवाळपणाही नाही. सुरुवातीला देवदारासारखा, मग जरासा लिंबाच्या सालीचा. ह्यांना हुंगायला दिला, त्यांना काही फरक कळला नाही. आत्यांनी दोनदा हुंगला आणि विचारलं, हिचं नाव काय.

अजून एक पावसाळा जाऊ दे म्हटलं. तोवर नावाच्या पाटीवर बी-४च. तीन काड्या घेतल्या, त्याहून जास्त तोडल्या तर झाड सोसणार नाही.